पोराला परदेशात पाठवायचं? एजंटकडे जाण्याआधीचे टप्पे

निकाल लागले की माझ्या दारात हमखास एक वाक्य ऐकू येतं. "सर, पोराले बाहेर पाठवाचं हाय. नागपुरात कोणता एजंट बरा?" मी उलट विचारतो, पोरगा कुठे आहे? बरेचदा तो फाटकाबाहेर गाडीवर बसलेला असतो. बोलायला बाप आलेला असतो, सोबत मामा असतो, आणि ज्याला जायचं तो बाहेर मोबाइल पाहत असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. इथून गेलेल्या मुलांचे अर्ज, कर्जाचे कागद आणि काहींचं अर्ध्यातून परत येणं जवळून पाहिलं आहे. एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. क्रम उलटा लागतो: आधी एजंट, मग देश, मग कर्ज, मग कोर्स, आणि मुलगा तयार आहे की नाही हा प्रश्न विमानाचं तिकीट काढल्यावर. खालचे टप्पे सरळ क्रमाने आहेत. सप्टेंबरात जायचं असेल तर आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये सुरुवात करा, म्हणजे दीड वर्ष हाताशी राहील. एक टप्पा पार झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

## टप्पा १ : इच्छा कोणाची, ते कागदावर आणा

मुलाला किंवा मुलीला एकटं बसवा. मामा, काका, शिकवणीचे सर, कोणी नको. मराठीत एक पान लिहायला सांगा. प्रश्न तीनच:

१. नेमकं काय शिकायचं आहे?
२. ते इथे, म्हणजे नागपूर, पुणे किंवा मुंबईत शिकलं तर काय कमी पडेल?
३. यंदा जाणं झालं नाही तर वर्षभर काय करशील?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वात बारकाईने वाचा. "काहीच नाही, जायचंच आहे" असं उत्तर आलं तर ती घाई आहे. दुसऱ्या प्रश्नाला फक्त "तिकडे पगार चांगला" एवढंच असेल तर त्याला अजून कोर्स सापडलेला नाही. असं पान आलं म्हणून रागावू नका. महिनाभराने पुन्हा लिहायला सांगा.

थांबा: गावातला अमुक गेला म्हणून, किंवा सोयरिकीत वजन वाढेल म्हणून घर तयार झालं असेल, तर ते घरात मोकळेपणाने बोला. मुलाला ते आधीच कळलेलं असतं.

## टप्पा २ : बारावीनंतर की पदवीनंतर?

माझं मत स्पष्ट आहे. खेड्यातल्या बहुतेक मुलांनी पदवी इथे घ्यावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जावं. कारणं व्यवहाराची आहेत.

पदवीसाठी तीन-चार वर्षांचा खर्च उचलावा लागतो, मास्टर्सला एक ते दोन वर्षांचा. शिष्यवृत्त्याही मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अनुसूचित जातींसोबत विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलंही येतात. भूमिहीन शेतमजुरांचं नाव त्यात आहे हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम सांगतो. अटी ठळक आहेत: वय ३५ च्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच. आदिवासी विकास विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग आणि सारथी (मराठा-कुणबी समाजासाठीची राज्याची संस्था) यांच्या योजना वेगळ्या आहेत. म्हणजे बारावीनंतर लगेच पाठवलं की यातली बहुतेक दारं आपणच लावून घेतो.

जर्मनीचं उदाहरण घ्या. "तिथे फी नाही" हे ऐकून बारावीची मुलं येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही हे खरं आहे. (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो पडतात.) पण आपल्या बारावीवर तिथे सरळ पदवीला प्रवेश सहसा मिळत नाही. इथे पदवीचं निदान एक वर्ष पूर्ण करावं लागतं, किंवा तिथे स्टुडिएनकोलेग नावाचा वर्षभराचा तयारीचा वर्ग करावा लागतो.

एमबीबीएसची गोष्ट वेगळी आहे, ती वेगळीच वाचा. तिथे बारावीनंतरच जावं लागतं आणि सर्वात जास्त फसगतही तिथेच होते. नीट परीक्षेत पात्र ठरलेला नसेल तर बाहेरून आणलेल्या पदवीवर भारतात डॉक्टरकी करता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. शिवाय त्या पदवीवर त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होत असली पाहिजे. हे सगळं करून आलं तरी इथे एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची परीक्षा असते. ३०० गुणांची, पास व्हायला १५० लागतात, आणि उत्तीर्णांचं प्रमाण बहुतेक वेळा ३० टक्क्यांच्या खालीच राहत आलं आहे. म्हणून नीटमध्ये जेमतेम पात्र ठरलेल्या मुलाला "तिकडे सोपं असते" म्हणून पाठवू नका. शिकणं तिकडे, पण कस इथेच लागतो.

## टप्पा ३ : घराबाहेरची सहा महिन्यांची चाचणी

हा टप्पा लोक गाळतात. माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो.

मुलाला सहा महिने घराबाहेर राहू द्या. अमरावती, नागपूर, पुणे, कुठेही चालेल. पण मेस लावलेलं वसतिगृह नको, मावशीचं घर नको, मोठ्या भावाची खोली नको. दोघा-तिघांत भाड्याची खोली घ्यायची आणि स्वयंपाक स्वतः करायचा. आधीच बाहेर शिकत असेल तर शेवटच्या वर्षी मेस बंद करा. महिन्याचे पैसे एकदाच, एक तारखेला, त्याच्या खात्यात टाका. मधे मागितले तरी देऊ नका.

या सहा महिन्यांत पुढची कामं त्याची त्यानेच करायची:

१. वरण-भात, पोळी, दोन भाज्या आणि खिचडी, एवढं न जळवता करणं.
२. खर्चाची वही. महिनाअखेर शिल्लक किती, हे विचारल्याबरोबर सांगता आलं पाहिजे.
३. बँक, विद्यापीठ, तहसील, यांतलं एक रखडलेलं काम एकट्याने पुरं करणं. सोबत कोणी जायचं नाही. पहिल्या खेपेला काम होणारच नाही, दुसऱ्या खेपेला तो काय करतो ते पाहायचं.
४. ताप आला तर डॉक्टरकडे जाणं, औषध घेणं, आणि मग घरी फोन करणं. क्रम असाच.
५. खोलीतल्या जोडीदाराशी भांडण झालं तर बोलून मिटवणं. खोली बदलणं हा शेवटचा उपाय.

हे सगळं जमलं तरी एक परीक्षा उरते आणि ती सर्वात मोठी: तो वाईट बातमी घरी सांगतो का?

माझा एक विद्यार्थी युरोपात गेला. हुशार होता, गुण उत्तम होते. पहिल्याच सत्रात दोन विषय राहिले. आठ महिने त्याने घरी कळू दिलं नाही. "सगळं ठीक आहे बाबा" एवढंच म्हणायचा. बापाने त्या वर्षी भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवला नाही, पोराला पैसे कमी पडू नयेत म्हणून पडत्या भावात विकून टाकला. पोरगा परत आला तेव्हा बापाचं पहिलं वाक्य होतं, "मले सांगतलं असतं तर म्या काय मारलं असतं का तुले?" मुलाला तसंच वाटलं होतं. बारावीला गुण कमी पडले तेव्हा त्या घरात काय झालं होतं, ते त्याच्या लक्षात होतं.

म्हणून या सहा महिन्यांत मुलानं एखादी चूक सांगितली, पैसे उडाले, पेपर वाईट गेला, कोणी फसवलं, तर आवाज चढवू नका. आधी ऐका. ही चाचणी त्याच्याइतकीच तुमचीही आहे.

मुलगी असेल तर चाचणी तीच, तितकीच. सोबतीला धाकटा भाऊ ठेवणं किंवा दर शनिवारी घरी बोलावणं नको. आणि "लग्न ठरवून ठेवू, मग जा" ही अट या दीड वर्षात मधे आणू नका. तिचं अर्धं लक्ष त्यातच जातं.

तपासणी: सहा महिन्यांनंतर पाचपैकी चार कामं जमली आणि निदान एक वाईट बातमी तिने किंवा त्याने आपणहून सांगितली, तर पुढे चला. नसेल तर आणखी सहा महिने. इथे गेलेलं वर्ष स्वस्त पडतं.

## टप्पा ४ : भाषा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला बँड, म्हणजे गुण, आणि वर्गात बसून समजणं यांत अंतर असतं. मराठी किंवा सेमी इंग्रजीतून आलेली मुलं तीन महिन्यांच्या शिकवणीत हवा तो बँड मिळवतात, आणि तिकडच्या वर्गात पहिल्या दिवशी गप्प होतात.

घरच्या घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो. स्वयं किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर आपल्या विषयाचं एक इंग्रजी व्याख्यान मोफत मिळतं. ते न थांबवता, मागे न नेता ऐकायचं आणि ऐकताना टिपणं काढायची. दुसऱ्या दिवशी फक्त त्या टिपणांवरून अर्धं पान इंग्रजीत लिहायचं. आठवड्याला दोन व्याख्यानं, तीन महिने. सोबत एका विद्यापीठाला कोर्सबद्दल शंका विचारणारा ईमेल स्वतः लिहायचा, मोबाइलवर तयार मिळणारा मजकूर न वापरता.

थांबा: आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षंच चालतो. "देऊन ठेवू" म्हणून फार आधी देऊ नका.

जर्मनीला इंग्रजीतल्या कोर्ससाठी जाणाऱ्यानेही निदान ए-टूपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दोन पातळ्या, जर्मन करून जावं. घरमालक, दवाखाना, किराणा, सगळीकडे तीच भाषा लागते.

## टप्पा ५ : पैसा, आणि शेती

आधी पूर्ण आकडा लिहा: फी, राहणं-खाणं, विमा, व्हिसा, तिकीट, आणि अडचणीत परत यायचं तिकीट. शेवटचं कोणीच धरत नाही.

जर्मनीला व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) आधी ठेवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ब्रिटनसाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. पाहुण्यांकडून आठ दिवसांसाठी पैसे फिरवून आणले तर ते चालत नाहीत.

आता कर्ज. बँका ७.५ लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सहसा स्थावर तारण मागतात, आणि इथे आपली माणसं अडतात. सात-बारा घेऊन बँकेत जातात, बँक नाही म्हणते. कर्ज थकलं तर बँका ज्या सरफेसी कायद्याने मालमत्ता ताब्यात घेतात, तो शेतजमिनीला लागू होत नाही. त्यामुळे दहा एकर ओलिताची असली तरी या कर्जाला ती सहसा धरली जात नाही. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुष्कळ बँका पुरेसा मानत नाहीत. शहरातला प्लॉट असेल तर अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा पाहा. वडिलोपार्जित घरावर पाच नावं असतील तर पाचही जणांच्या सह्या लागतील. वारसांची नोंद राहिली असेल तर ते काम आजच सुरू करा, फेरफार व्हायला वेळ लागतो.

तारण नसेल तर खासगी वित्तसंस्था विनातारण कर्ज देतात, व्याज जास्त असतं. ३० लाख कर्ज, ११ टक्के व्याज धरू. वर्षाचं नुसतं व्याज ३ लाख ३० हजार, महिन्याचं २७,५००. दोन वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं, या काळात काहीच भरलं नाही तर साध्या हिशोबानेही देणं ३९ लाख ९० हजारांवर जातं. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला ५५ हजारांच्या जवळपास. हा आकडा मुलाच्या हाताने वहीत लिहून घ्या. तिकडे नोकरी लागली नाही आणि तो इथल्या पगारावर परतला तर हप्ता कोण भरणार, याचं उत्तर त्याच पानावर हवं.

थांबा: "पार्टटाइम काम करून फी भरेल" हे हिशोबात धरू नका. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवारातच, सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. ब्रिटनमध्येही पदवी आणि मास्टर्सवाल्यांना सत्र चालू असताना २० तासांचीच मर्यादा आहे. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास. त्यात फार तर किराणा निघतो. मर्यादा ओलांडली तर व्हिसा जातो.

आणि शेती विकू नका. फीसाठी दोन एकर काढून दिले आणि मुलगा परत आला, अशा घरात ते दोन एकर पुन्हा येत नाहीत. शेती विकल्याशिवाय जमतच नसेल तर या टप्प्याचं उत्तर "यंदा नाही" असं आहे.

पैशाचं वेळापत्रकही पाहा. आपल्या हातात पैसा दिवाळीनंतर येतो, कापूस-सोयाबीनचा. सप्टेंबरच्या प्रवेशाची अनामत मात्र बहुधा मार्च ते जूनमध्ये मागतात, आणि त्याच सुमारास बी-बियाण्याचा खर्च उभा असतो. अनामतीचे पैसे जानेवारीतच वेगळे काढून ठेवा.

## टप्पा ६ : कागद

इथे नावाचाच घोळ सर्वात जास्त होतो. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तिसरंच स्पेलिंग. परदेशी विद्यापीठ गुणपत्रिका पाहून आडनावालाच नाव समजतं आणि प्रवेशपत्र तसंच निघतं. म्हणून पासपोर्टआधी दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार समोरासमोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. गुणपत्रिकेत चूक असेल तर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरच्या आधारे शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे, म्हणजे नागपूर किंवा अमरावतीला, दुरुस्ती करावी लागते. आधार नंतर.

क्रम असा ठेवा:

१. नावं जुळवणं.
२. पासपोर्ट.
३. शिष्यवृत्तीला जायचं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. जाहिरात निघाल्यावर वैधतेला धावणारे दरवर्षी राहून जातात.
४. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र उतारा. काही ठिकाणी सीलबंद लिफाफाच लागतो. घरी आणून तो फोडू नका. निदान चार-पाच प्रती मागा.
५. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या गुणपत्रिका-पदव्या तपासून दिलेला दाखला. व्हिसाला ते लागतंच, आणि मिळायला वेळ लागतो.

## टप्पा ७ : आता एजंट, लागलाच तर

एजंटला अनेक विद्यापीठं प्रवेशामागे कमिशन देतात. त्यामुळे तो दाखवेल त्या यादीत त्याचा फायदा असतो, आणि ज्या सरकारी विद्यापीठांकडून त्याला काही मिळत नाही ती यादीत दिसत नाहीत. आपली यादी आधी तयार ठेवा, मगच भेटा.

तीन गोष्टींवर अडून राहा. अर्जाचा ईमेल मुलाचा असेल आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहील. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जाईल. आणि हेतुपत्र, ज्याला एसओपी म्हणतात, ते मुलगा स्वतः लिहील. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीला विद्यापीठाने अधिक कागद मागितले होते. ईमेल एजंटच्या ताब्यात, त्याने उघडलाच नाही. मुदत गेली, वर्ष गेलं.

थांबा: अनुभवाचा खोटा दाखला किंवा फुगवलेलं बँक स्टेटमेंट "सगळेच लावतात" म्हणून लावू नका. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांवर आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना परत पाठवण्याच्या नोटिसा लागल्या. त्यातल्या अनेकांना पत्र खोटं आहे हे माहीतही नव्हतं. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडाची बंदी पाच वर्षांची असते. प्रवेशपत्र हातात आलं की मुलानं विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर ईमेल करून ते खरं असल्याची खात्री करावी.

## टप्पा ८ : ठरवायची बैठक

अर्ज भरण्याआधी, नोव्हेंबरात, एक संध्याकाळ काढा. आई, बाप, मुलगा. आईला नक्की बसवा. मुलगा आजारी असताना फोन कोणाला करतो हे तिलाच माहीत असतं. टप्पा १ मध्ये लिहिलेलं पान, खर्चाची वही आणि कर्जाचा हिशोब समोर ठेवा. मुलाला आधी बोलू द्या.

उत्तरं तीन असू शकतात: यंदा, पुढच्या वर्षी, सध्या नाही. "पुढच्या वर्षी" आलं तर नेमकं काय कमी आहे ते लिहा. दोनच गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे महिना. इंग्रजी टिपणं, मार्चपर्यंत. वारस नोंद, जूनपर्यंत. "अजून थोडा मोठा होऊ दे" असं लिहू नका, त्यावर कोणी काम करू शकत नाही.

बैठकीआधीच अर्ज भरून प्रवेश मिळाला असेल आणि या बैठकीत "पुढच्या वर्षी" ठरलं, तर जागा गेली असं समजू नका. बरीच विद्यापीठं प्रवेश पुढच्या सत्रावर किंवा पुढच्या वर्षावर ढकलू देतात. तशी विनंती अनामत भरण्याआधी करायची, आणि तो ईमेल मुलानंच लिहायचा.